पुलाआधीचा सात नंबर

मित्रांनो, मी एक जुना ट्रिगर आहे आणि माझा स्वभाव हेवेखोर आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायला नको.

ट्रिगर म्हणजे कळ. उंदराच्या पिंजऱ्यात भज्याचा तुकडा टोचलेला आकडा असतो ना? उंदराने तो ओढला की दार खाली येते. तसाच मी, फक्त मला भजे कोणी टोचत नाही. मी एका व्हिडिओ गेममध्ये राहतो. त्यात एक ठोकळा गाण्याच्या तालावर आपोआप धावत असतो आणि खेळणाऱ्याने वेळेवर उडी मारायची असते. बाकीचे जग, म्हणजे खड्डे, भिंती, पाणी, दारे, हे सगळे कोणीतरी बसून बांधलेले असते. अशा बांधलेल्या जगाला लेव्हल म्हणतात आणि ते जिथे बांधतात त्या कारखान्याला एडिटर.

एडिटरमध्ये मी दिसतो. नखाएवढा निळा चौकोन, पोटावर ७ हा आकडा, आणि खाली सोडलेली एक बारीक रेघ. धावता ठोकळा त्या रेघेला शिवला की मी सुटतो आणि मला नेमून दिलेले काम होते. पण खेळ सुरू झाला की मी अदृश्य होतो. लाख लोकांनी लेव्हल खेळली तरी एकालाही मी दिसणार नाही. हे दुःख नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्यातूनच निघाली आहे.

माझा जन्म जावा बेटावरच्या सोलो शहरात झाला. मला बसवणारी मुलगी वेनिंग. वय अठरा. सकाळी ती बाटिकच्या दुकानात कापडाच्या घड्या घाली आणि दुपारी घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसे. तिच्या लेव्हलचे नाव होते ‘पेपेवरचा पूल’, कारण त्यांच्या घराजवळून पेपे नावाची नदी वाहते. पडद्याच्या आतून मला बाहेरचे काही दिसत नाही. पण सेमारांगला राहणाऱ्या बागास नावाच्या मित्राशी ती सतत बोलत असे, त्यामुळे तिचा माइक कायम चालू. जे काही सांगतो आहे ते सगळे मी त्या माइकमधून ऐकलेले आहे.

मला बसवताना तिने तीन आकडे ठरवले. कोणाला हलवायचे? सात नंबरच्या गटाला, म्हणजे पाण्याखाली दडवलेल्या पुलाला. किती वर आणायचे? नऊ घरे. किती वेळात? हा तिसरा आकडा काही केल्या जमेना. एक सेकंद दिला की पूल येण्याआधीच ठोकळा पाण्यात बुडे. दोन दशांश दिला की पूल बेडकासारखा टुणकन वर येई आणि सगळी शोभा जाई.

तेव्हा खोलीत पाकलिक सुगेंग होता. पाकलिक म्हणजे तिचा धाकटा मामा. वायांगच्या खेळात, म्हणजे सावल्यांच्या बाहुल्या नाचवतात त्या खेळात, तो केंडांग नावाचा ढोल वाजवतो. त्या बाहुल्या नाचवणाऱ्याला दालांग म्हणतात. रात्रभर वाजवायचे आणि दुपारी भाचीच्या मागे बसून तेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी हिरव्या मिरचीबरोबर खायची, असा त्याचा दिनक्रम होता.

“तुझा पूल बेताल आहे,” तो भजे चावत म्हणाला.

“पाकलिक, हे कॉम्प्युटरचं गणित आहे.”

“गणित गेलं खड्ड्यात. आमचा दालांग बाहुली उचलायच्या आधी काय करतो? शेजारच्या पेटीवर लाकडाने ठोकतो. टक. ते ऐकलं की मी थाप देतो. त्या टक आणि थापेच्या मधे एक श्वास असतो. तेवढाच वेळ तुझ्या पुलाला दे. मोजू नकोस, ऐक.”

त्याने टेबलावर बोटाच्या पेराने ठोकले आणि लगेच मांडीवर थाप मारली. पुन्हा ठोकले, पुन्हा थाप. वेनिंगने डोळे मिटून ऐकले असावे, कारण बराच वेळ की-बोर्डचा आवाज आला नाही. मग तिने चार दशांश सेकंद हा आकडा टाकला. ठोकळा धावत आला, माझी रेघ ओलांडली, मी सुटलो, आणि पाणी दुभंगून पूल असा काही डौलात वर आला की बागास तिकडून ओरडला, “वेन! अगं, पाण्यातून पूल! अंगावर काटा आला माझ्या!”

मित्रांनो, ते कौतुक पुलाचे होते. पण पुलाला वर आणणारा मी, म्हणून ते मी माझ्याच खात्यात जमा केले. दोन महिने मी अगदी सुखात होतो.

मग गेममध्ये नवे काहीतरी आले. आता लेव्हल बांधणाऱ्यांना कॅमेराही हलवता येणार होता. कॅमेरा म्हणजे खेळणाऱ्याची नजर. ती जवळ न्या, लांब न्या, तिरकी करा, गदागदा हलवा. बागासने मोठ्या उत्साहाने एक कॅमेऱ्याचा ट्रिगर तयार करून पाठवला आणि वेनिंगने तो नेमका माझ्या शेजारच्या घरात बसवला. भगव्या रंगाचा, गुळगुळीत, नवाकोरा. मी त्याचे नाव थरथऱ्या ठेवले.

थरथऱ्याचे काम ऐका. लेव्हलच्या सुरुवातीलाच नजर अगदी जवळ आणलेली असायची, ठोकळा आणि पुढचे चार हात एवढेच दिसायचे. पुलापाशी आल्यावर थरथऱ्या ती नजर झपकन मागे खेचायचा, सगळी नदी एकदम उघडी पडायची, आणि वर पडदा धडधडा हलायचा. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. हा पठ्ठ्या अंगणच वाकडे करून दाखवायचा आणि वर टाळ्या घ्यायचा!

कारण टाळ्या पडल्या हो. वेनिंगच्या दुकानातल्या मैत्रिणी आल्या, त्या किंचाळल्या. शेजारीण मुलाला घेऊन आली, ती म्हणाली, “परत दाखव ग, ते हलतं ते परत दाखव.” पूल वर आला हे कोणाच्या लक्षातही आले नाही. मी त्यांच्यासमोर त्या दुपारी अकरा वेळा सुटलो आणि अकराही वेळा वाहवा त्याची झाली.

आणि यातले खरे विष अजून सांगितलेलेच नाही. वेनिंगने थरथऱ्याला स्वतःची रेघ दिली नव्हती. तिने त्याला माझ्याशी जोडले होते. मी सुटलो की मग तो सुटणार. म्हणजे काडी मी ओढायची आणि उजेड त्याच्या नावावर! आयत्या बिळावर नागोबा तो हाच. मला वाटे, एकदा, फक्त एकदा ठोकळा आला असताना आपण गप्प बसावे, मग बघू हा कसा थरथरतो. पण ट्रिगरला रुसता येत नाही. रेघ शिवली की सुटावेच लागते.

मी मग बारीकसारीक मोजत बसू लागलो. एका आठवड्यात वेनिंगने थरथऱ्याचे आकडे बदलायला त्याला एकतीस वेळा उघडले. मला एकदा. तेही हात चुकून माझ्यावर पडला म्हणून. “अरे, हा नाही,” असे म्हणून तिने मला लगेच बंद केले. ‘हा नाही’ हे दोन शब्द मी अजून विसरलेलो नाही.

पाकलिक एवढा एकच माझ्या बाजूचा होता, पण त्याचे कारण वेगळे होते.

“पोरी, पडद्याला कशाला लाथा मारतेस? दालांग पेटीवर ठोकतो, पडद्यावर नाही.”

“तुम्ही म्हातारे झालात, पाकलिक. हल्ली असंच आवडतं.”

“म्हातारा नाही झालो. मळमळतंय मला. भजं वर यायला लागलंय.”

ती हसत सुटली. मी हसलो नाही. मला वाटले, ओक, बाबा, एकदाचा ओक, म्हणजे तिला समजेल.

त्या वर्षी सोलोमध्ये लेव्हल बांधणाऱ्यांचा मेळावा भरणार होता. निवडलेल्या लेव्हल सभागृहात मोठ्या पडद्यावर अनोळखी लोकांकडून खेळवून घेणार होते. वेनिंगने त्याआधी दोन वर्षे लेव्हल पाठवली होती आणि दोन्ही वर्षे ती परत आली होती. नियम कडक होते. लेव्हलमध्ये दोन हजारांहून जास्त वस्तू नकोत. आणि जी बांधेल तिने स्वतः ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे न मरता, एका दमात खेळून दाखवायची. त्याशिवाय गेम ती लेव्हल पाठवूच देत नाही. मुदत शनिवारी दुपारी चारची.

बक्षीस मिळालेल्या तिघांचीच नावे तिथे पुकारतात. बाकीच्यांनी आपले नाव लेव्हलमध्येच कुठेतरी लिहायचे, वाचले तर वाचले. वेनिंगने शेवटच्या दारावर पांढऱ्या अक्षरांत लिहिले होते, ‘वेनिंग, सोलो.’ ती बागासला म्हणाली होती, “मास, बक्षीस नको मला. त्या मोठ्या पडद्यावर माझं नाव एकदा दिसू दे. आईला घेऊन जाणारेय मी.” तिच्याकडे ‘मास’ म्हणजे दादा. हे नाव तिला किती हवे होते हे मला पक्के ठाऊक होते. न दिसण्याचे दुःख माझ्याइतके कोणाला कळणार?

पण वस्तू मोजल्या तर निघाल्या दोन हजार चाळीस.

“जुनं सामान काढ,” बागास म्हणाला. “तो पूल पाण्याखाली लपवायला तू पाण्याच्या किती फरश्या घातल्यास?”

“छत्तीस. आणि तीन फेसाच्या.”

“काढ सगळ्या. पूल आधीपासूनच वर ठेव. कॅमेरा खालून वर असा फिरव, की बघणाऱ्याला वाटेल पूलच वर आला. मग तो सातवाला पण नको. झाले चाळीस!”

“अय्या, मास! डोकं आहे तुला.”

ऐकलेत? माझे आयुष्यभराचे काम आता नजरेच्या हातचलाखीने होणार होते. पूल हलणारच नाही, लोकांना फक्त तसे वाटेल, आणि त्या खोट्याचे श्रेय कोणाला? भगव्या शेजाऱ्याला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मनात म्हणालो, “थरथऱ्या, तुझे वाटोळे होवो.” असे मी म्हणालो, मित्रांनो. लपवत नाही.

वेनिंगची एक सवय चांगली होती. काही मोठे तोडण्याआधी ती लेव्हलची एक प्रत काढून ठेवी. त्या दिवशीही तिने प्रत काढली, तिला ‘जुनी चार’ असे नाव दिले, आणि नव्या प्रतीत आम्हा चाळीस जणांना पुसले. नव्या प्रतीत मी मेलो आणि जुन्या प्रतीत अडगळीत पडलो. कधी कोणावर एकदम दोन्ही प्रसंग आले नसतील.

पुढचा आठवडा ती सराव करत होती. पण लेव्हल बांधणारी माणसे सराव कशी करतात माहीत आहे? दर वेळी सुरुवातीपासून कोण धावत बसेल! ती मधे एक झेंडा रोवतात आणि तिथूनच सुरू करतात. वेनिंगचा झेंडा पुलाच्या तोंडाशी, माझी जुनी जागा ओलांडून दोन घरे पुढे होता. झेंड्यापासून सुरू केले की नजर आपोआप लांबवरचीच मिळते. त्यामुळे नदी स्वच्छ दिसे, उड्या बरोबर पडत, आणि ती खूश होती. झेंड्याच्या मागे काय राहिले, तिकडे आठ दिवस तिने पाहिलेच नाही.

शनिवार आला. दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन ती एक वाजता बसली. झेंडा काढला आणि पहिल्यापासून सुरू केले. ठोकळा पुलापाशी आला. नजर मागे गेली नाही. पडदा हलला नाही. जवळून दिसणारे ते चार हातच दिसत राहिले, पुढचा खड्डा अगदी तोंडाशी आल्यावर दिसला, आणि ठोकळा फुटला.

ती पुन्हा खेळली. पुन्हा फुटला. आठ दिवसांच्या सरावाने तिचे हात पाठ झाले होते, म्हणून आंधळेपणाने दोन उड्या जमत, तिसरीला घात होई.

“मास, कॅमेरा बिघडला!”

“झेंड्यापासून बघ.”

“झेंड्यापासून छान चालतोय.”

“मग त्याचे आकडे बघ. वेळ कमी पडत असेल.”

दोघे थरथऱ्याचे आकडे बदलत बसले. कमी केले, जास्त केले, त्याला पुसून नवा बसवला, नव्याला पुसून पुन्हा जुना आणला. बिचारा थरथऱ्या सुटणार कसा? त्याला सोडणारा मी होतो, आणि मी नव्हतो. पूल आधीच वर आणून ठेवला तेव्हा माझे पुलाचे काम संपले होते. पण माझे दुसरेही एक काम होते आणि ते पुसताना कोणालाच आठवले नव्हते.

मी तेव्हा काय केले ते सांगतो. मी मजा पाहिली. पाहिली म्हणजे ऐकली. फुटला, पुन्हा फुटला, पुन्हा फुटला. दर वेळी मी म्हणालो, बरी जिरली! एकतीस वेळा त्याला उघडत होता ना, आता बत्तिसाव्यांदा उघडा. आनंदाने माझा निळा रंग अजून निळा झाला असेल.

बाहेर असरची अजान झाली. म्हणजे तीन वाजले. आणि मग माइकमध्ये एक वेगळाच आवाज आला. वेनिंग रडत होती. हुंदके देऊन नाही, नाक ओढत, बटणे दाबता दाबता.

“तिसरं वर्ष, मास. आईने ठेवणीतल्या केबायाला इस्त्री करून ठेवलीय उद्यासाठी.”

माझा आनंद तिथेच विरला. मी थरथऱ्याचे वाटोळे मागितले होते, हिचे नव्हते. पण आम्ही तिघे एकाच दोऱ्यात ओवलेले आहोत हे मला तेव्हा कुठे समजले. ओरडून सांगावेसे वाटले, “अगं, मी! सात नंबर! जुनी चार उघड!” पण ट्रिगरला तोंड कुठे असते?

पाकलिक उठून आत आला तो भज्यांची बशी घेऊनच.

“रडतेस कशाला? दाखव मला. पहिल्यापासून.”

“पाकलिक, तुम्हाला मळमळतं.”

“आज हलतच नाहीये ना? मग कशाला मळमळेल? दाखव.”

तिने पहिल्यापासून सुरू केले. गाणे वाजू लागले. पुलाच्या जरा आधी, नेमक्या माझ्या जागी, पाकलिकने टेबलावर बोटाच्या पेराने ठोकले. टक. आणि थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला असणार, कारण थाप ऐकू आली नाही.

“इथे काहीतरी व्हायचं,” तो म्हणाला. “आधी इथे ठोका पडायचा. आता कुठे गेला?”

“कसला ठोका?”

“मला काय माहीत कसला! त्या दिवशी आपण बसवला नव्हता का, टक आणि मग पूल. आता पूल नुसताच बसलाय उघड्यावर. कोणी ठोकतच नाहीये. अगं, दालांगने पेटीवर ठोकलंच नाही तर मी ढोलाला हात तरी लावीन का? पहाटेपर्यंत बसून राहीन गुडघ्याला मिठी मारून. तुझा तो हलवणारा तसाच बसलाय बघ. ठोक्याची वाट बघत.”

खुर्ची सरकली.

“सात नंबर!” वेनिंग ओरडली. “मास, कॅमेरा मी सातला जोडला होता! आपण सातच पुसला!”

मित्रांनो, माझे नाव असे कोणी ओरडून घेण्याची ती पहिलीच वेळ. तिने जुनी चार उघडली, माझ्यावर हात ठेवला, आणि माझी एक प्रत उचलून, पूल वर नेण्याच्या नऊ घरांचे शून्य करून, नव्या लेव्हलमध्ये त्याच जागी बसवली.

तिथे नवेच संकट उभे राहिले. दोन हजार एक. एक वस्तू जास्त.

“एक फूल काढ,” बागास म्हणाला. “नाहीतर ढग काढ. पटकन, साडेतीन झाले.”

“नको. कुठली वस्तू कशाला बांधलीय याचा मला आता भरवसा नाही. फूल काढीन आणि दार बंद होईल. पुन्हा शोधायला वेळ कुठाय?”

मी कान टवकारले. मनात एकच विचार. थरथऱ्याला काढ. त्याला काढ, नजर लांबच ठेव सुरुवातीपासून, आणि मिटव कटकट. खरे सांगतो, तिच्या रडण्याने विरघळलेला मी अर्ध्या तासात पुन्हा होतो तसा झालो होतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि माझी तर मरूनही गेली नव्हती.

“एकच वस्तू आहे जी कशालाच बांधलेली नाही,” वेनिंग हळूच म्हणाली.

“कुठली?”

“माझं नाव.”

“वेन, वेडी आहेस का? नाव नसेल तर तिथे कोणाला कळणार ही तुझी आहे?”

“पूल तर वर येताना दिसेल ना.”

एक टिचकी ऐकू आली. बस्स, एवढाच आवाज. दोन वर्षे ज्यासाठी झुरली ते तिने एका टिचकीसरशी पुसले आणि ती जागा मला दिली. मी मागितली नव्हती. मी तर त्या वेळी दुसऱ्याचाच काटा काढायच्या विचारात होतो. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की अदृश्य असणे प्रथमच बरे वाटले.

पहिल्या खेपेला ती शेवटच्या भिंतीवर आपटली. दुसऱ्या खेपेला पाकलिकने पुन्हा माझ्या जागी टेबलावर ठोकले, टक, आणि या वेळी मांडीवर थापही पडली. तिच्या उड्या एकामागून एक ऐकू येत राहिल्या. गाणे पार शेवटपर्यंत वाजले. चारला सहा मिनिटे बाकी होती. पाकलिक म्हणाला, “घे, आता भजं खा, गार झालं,” आणि ती पुन्हा रडली, पण ते रडणे निराळे होते.

त्याच रात्री लेव्हल निवडली गेली. रविवारचे सगळे मी संध्याकाळी ऐकले, ती पाकलिकला सांगत होती तेव्हा. तिघांत नंबर आला नाही. पण तिची लेव्हल लोकांनी दोनदा खेळायला लावली. पडदा हलला तेव्हा पहिली रांग ओरडली म्हणे. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने तिला विचारले, “काय भारी आहे ग! कोणी केली असेल?”

“मग तू काय म्हणालीस?” पाकलिकने विचारले.

“माझं तोंड क्रुपुकच्या पापडांनी भरलं होतं. म्हटलं, कोणास ठाऊक.”

“आणि तुझी आई?”

“आईने तिला चिमटा काढला. त्या मुलीला!”

दोघे पोट धरून हसले.

आता माझे सांगतो. त्या लेव्हलवर हजारो ठोकळे धावतात आणि तिथे बसलेली माझी प्रत दर वेळी सुटते. मी, मूळचा, इथे जुनी चारमध्ये. म्हणजे मला आता कोणाचा हेवा वाटत असेल, ओळखा पाहू. माझाच! तिकडे बसलेल्या त्या उपऱ्या सात नंबरचा. दिसत तोही नाही, पण गर्दीत तरी आहे. मी काय सुधारणार!

तरी एक गोष्ट घडते. पाकलिकला पडदा हललेला सोसत नाही, म्हणून वेनिंगने त्याच्यासाठी कॅमेऱ्याचे सगळे चाळे बंद करून दिले आहेत. पण नव्या लेव्हलमध्ये ते बंद केले की पूल वर आल्यासारखा वाटतही नाही, तो जागचा हलतच नाही ना! म्हणून पाकलिक माझ्याकडे येतो, जुनी चारमध्ये. इथे पूल खरोखर पाण्यातून वर येतो. थरथऱ्या माझ्या शेजारी नुसता बसून असतो, मी सुटलो तरी त्याला काही करता येत नाही. आधी मला फार आनंद झाला. मग एक दिवस लक्षात आले की टाळ्या त्याच्या होत्या तेव्हा मी जसा दुर्लक्षित बसलो होतो तसाच आता तो बसला आहे, आणि आनंदाची चव जराशी गेली. जराशीच.

पाकलिक खेळण्यात अगदी ढ आहे. पुलाच्या पुढे चार उड्या, की फुटलाच. पण प्रत्येक वेळी माझ्या रेघेआधी तो टेबलावर ठोकतो. टक. दालांग पेटीवर ठोकतो तसा. मी सुटतो, पूल वर येतो आणि तो मांडीवर थाप देतो. असे आठ महिने चालले.

म्हणून मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. काही नवे बांधाल तेव्हा जुने पुसण्याआधी त्याला कोण कोण बांधलेले आहे ते एकदा पाहा. आणि जुनी प्रत फेकू नका. अडगळ म्हणून का होईना, राहू द्या. नव्यात जे मावले नाही ते कदाचित तिथे शाबूत असेल.

कारण परवा दुपारी पाकलिक चार उड्यांवर फुटला नाही. पाचवी जमली, सहावी जमली. तो भजे तोंडात तसेच धरून खेळत होता, चावण्याचा आवाज थांबला होता. गाणे संपले. शेवटचे दार आले. इथल्या दारावरचे काही कोणी पुसलेले नाही.

त्याने तोंडातले भजे गिळले. मग त्याने मोठ्याने वाचले.

“वेनिंग, सोलो.”

आतल्या खोलीतून ती म्हणाली, “काय हो, पाकलिक? हाक मारलीत?”

“नाही ग,” तो म्हणाला. “वाचत होतो.”